बेटावरची थाळी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मी सोमेश्वरनगरचा. बारामती तालुक्यातलं हे गाव म्हणजे सहकारी साखर कारखान्याच्या भोवती वसलेली वस्ती. आमच्याकडे वर्षाचे दोनच ऋतू, कारखाना चालू आणि कारखाना बंद. पाणी म्हणाल तर नीरा नदी आणि नीरेचा डावा कालवा. कालव्याला आवर्तन सुटलं की आमची पोरं उड्या टाकतात आणि त्यालाच समुद्र समजतात. खरा समुद्र मीही उशिराच पाहिला, आणि माझ्या बायकोनं तर लग्नाला तीस वर्षं होईपर्यंत पाहिला नव्हता. दर वर्षी मी म्हणायचो, यंदा नेतो. ती म्हणायची, "तुमची कविता अगोदर पुरी होऊ द्या."

दोन हिवाळ्यांपूर्वी मुंबईतल्या एका कविसंमेलनाचं बोलावणं आलं. शनिवारी कविता वाचायची आणि रविवार मोकळा. म्हटलं, हीच संधी. नीरेहून पुणे, पुण्याहून मुंबई असा प्रवास करून दोघं गेलो. शनिवारी कविता वाचली. टाळ्या बेताच्या पडल्या. रविवारी सकाळी गेटवे ऑफ इंडियापाशी जाऊन घारापुरीच्या लाँचची तिकिटं काढली.

घारापुरी म्हणजे आपण एलिफंटा म्हणतो ते बेट. मुंबईच्या बंदरात, गेटवेपासून सुमारे दहा किलोमीटरवर. दिसतं मुंबईतून, पण आहे रायगड जिल्ह्यात, उरण तालुक्यात. एलिफंटा हे नाव पोर्तुगीजांनी दिलं. बेटावर एक मोठा दगडी हत्ती होता, त्यावरून. १८६४ च्या सुमारास इंग्रजांनी तो हत्ती विलायतेला न्यायचं ठरवलं, उचलताना तो फुटला, आणि त्याचे तुकडे मुंबईतच राहिले. पुढे ते जोडून हत्ती उभा केला. आज तो भायखळ्याला, राणीच्या बागेतल्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. म्हणजे ज्याच्यावरून बेटाला नाव पडलं तो आता बेटावर नाही आणि नाव मात्र आहे. हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे मला नावाबद्दलच बोलायचं आहे.

लाँचमध्ये चढताना आम्हाला केशरी जाकिटं घालायला दिली. १८ डिसेंबर २०२४ रोजी याच वाटेवर नौदलाची वेगवान बोट प्रवासी लाँचवर आदळून माणसं गेली होती. ते सगळ्यांच्या मनात होतं, बोलत कुणी नव्हतं. बायकोनं जाकिटाचे बंद तीनदा तपासले, मग माझेही तपासले. लाँच सुटली आणि सीगल पक्षी मागे लागले. तासाभराच्या त्या प्रवासात ती एकच वाक्य बोलली, "इतकं पाणी, आणि एका उसाच्या कामाचं नाही." शेतकऱ्याची मुलगी आहे ती.

धक्क्यावर उतरलं की एक लहानशी गाडी पायऱ्यांपर्यंत नेते. पुढे सव्वाशेच्या आसपास पायऱ्या. दोन्ही अंगांना दुकानं, वर निळ्या ताडपत्र्या, आणि ताडपत्र्यांवर माकडं. माकडांचं लक्ष आपल्या चेहऱ्याकडे नसतं, हातातल्या पिशवीकडे असतं. आमच्या पुढच्या माणसाची शीतपेयाची बाटली एका माकडानं झाकण उघडून, आपल्या देखत, संपवली.

लेण्यांविषयी मी काय सांगावं? दीड हजार वर्षांपूर्वीचं काम. १९८७ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलेलं. अंधारातून तो तीन मुखांचा सदाशिव दिसू लागतो, वीस फुटांच्या आसपास उंच. एक मुख उग्र, एक स्त्रीसारखं कोमल, आणि मधलं मिटल्या डोळ्यांचं. आमच्या सोमेश्वरनगरजवळ करंज्याला सोमेश्वराचं देऊळ आहे. श्रावणात तिथे गर्दी लोटते आणि लहानपणी खेळण्यांसाठी आम्ही पोरंही त्या गर्दीत असायचो. म्हणजे मी महादेवाच्या गावाहून निघून महादेवाच्याच बेटावर आलो होतो. आणखी एक गंमत कळली. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात. महादेवाचा वार, आणि त्याच दिवशी महादेवाला सुट्टी!

लेणी पाहून बाहेर आलो तेव्हा दीड वाजला होता आणि भुकेनं दोघांचेही चेहरे उतरले होते. पायऱ्या उतरताना एका ठिकाणी माणसांचा घोळका दिसला. पत्र्याचं छप्पर, आत सात-आठ बाकं, आणि बाहेर तीस-एक माणसं ताटकळत उभी. आजूबाजूची दुकानं मोकळी आणि इथेच गर्दी. प्रवासात खाण्याच्या बाबतीत माझा एक नियम आहे. पाटी वाचू नये, गर्दी वाचावी. आम्हीही उभे राहिलो.

दाराशी पन्नाशीच्या एक बाई स्टुलावर बसल्या होत्या. गुडघ्यावर दोनशे पानी वही, कानाला पेन. माणूस आला की नाव विचारायच्या, किती जण ते विचारायच्या आणि लिहायच्या. बाक रिकामं झालं की मोठ्यानं हाक. माझी पाळी आली.

"बाबा, नाव सांगा. किती जना?"

मी म्हणालो, "जगताप. दोघं."

श्रोतेहो, माझं आडनाव जगताप नाही. ते आमच्या शेजाऱ्याचं आहे, आणि तो भला माणूस आहे.

हे मी का केलं ते सांगायला हवं. काही वर्षांपूर्वी एका हमरस्त्यावरच्या खानावळीत आम्ही कुटुंबासह गेलो होतो. तिथेही नाव लिहून घेत. मी माझं नाव सांगितलं. लिहिणाऱ्यानं एकदा वहीकडे पाहिलं, एकदा बायकोकडे, आणि म्हणाला, "थाळी संपली." आम्ही गाडीत बसेपर्यंत आमच्यामागून आलेल्या दोन कुटुंबांपुढे थाळ्या मांडल्या गेल्या होत्या. भांडावं असं वाटलं, पण नातू बरोबर होता. त्याला मी सांगितलं, "पुढचं हॉटेल चांगलं आहे." तेव्हापासून वहीत नाव लिहायची वेळ आली की माझ्या तोंडून जगताप निघतं. त्रास वाचतो. आपण जेवायला आलो आहोत, साक्ष द्यायला नाही, असं मी स्वतःला समजावतो. बायको दर वेळी गप्प राहते. तिचं गप्प राहणं मला ऐकू येतं.

माझ्या वडिलांनी असं कधी केलं नाही. ते कारखान्यात फिटर म्हणून आले तेव्हा एकटे होते. गेटसमोर एक आक्का खानावळ चालवत. विधवा बाई, पदरी दोन मुलं. कामगार महिन्याच्या हिशेबानं तिथे जेवत, त्यांना मेंबर म्हणत. आक्कांच्या वहीत वडिलांचं नाव बापाच्या नावासकट, ठसठशीत लिहिलेलं असे. सीझनमध्ये रमजान आला आणि रात्रपाळी असली की आक्का पहाटे चारला चूल पेटवून त्यांना भाकरी करून देत. वर दम भरत, "लवकर आटपा मिस्त्री, अजान झाली तर माझी भाकरी वाया जाईल." वडील चौथी शिकलेले. मी बीए झालो, मराठीत कविता लिहू लागलो, दोन संग्रह निघाले, आणि नाव लपवायला शिकलो.

तर आम्ही उभे होतो. मधेच बायकोला मुलीचा फोन आला. ती थोडी बाजूला जाऊन बोलली. मी माकडांवर नजर ठेवून होतो. बाईंनी हाक मारली, "जगताप! दोन!" मी इकडेतिकडे पाहत राहिलो. पुन्हा हाक आली, "जगताऽप!" मला वाटलं, कोण हा बहिरा? तिसऱ्या हाकेला बायकोनं कोपरानं ढोसलं. "जाव जी, तुमकूच बुला रहे." लोक हसले. मी कानावर हात ठेवून ऐकू कमी येत असल्याचं सोंग केलं. एका खोट्याला दुसरं जोडावं लागतं ते असं.

आत बसलो. एका कोपऱ्यात सून भाकऱ्या थापत होती, तांदळाच्या. आम्ही बाजरी-ज्वारीची माणसं. आमची भाकरी तोडताना आवाज होतो. ही पांढरी, मऊ, रुमालासारखी घडी होणारी. गरम पाण्यात पीठ मळून पाण्याच्या हातानं ती थापत होती. बाजूला मोठ्या तव्यावर बोंबील चुरचुरत होते. ओल्या बोंबलात काटा नावाला आणि पाणी फार. म्हणून तो साफ करून, मधून चिरून, वजनाखाली दाबून ठेवतात. पाणी निघालं की मसाला लावून पिठात घोळवून तळतात. हे सगळं मुलानं मला थाळ्या मांडता मांडता सांगितलं. त्याला सांगायची आवड होती आणि मला ऐकायची.

मग त्यानं यादी म्हटली. "बोंबील थाळी, सुरमई थाळी, कोळंबी थाळी, चिकन थाळी, शाकाहारी थाळी." इथे पंचाईत झाली. बायकोला माशाचा फारसा सराव नाही. काट्याला ती भिते. कोंबडी तिच्या आवडीची. पण कोंबडी कुणी आणि कशी कापली हे विचारल्याशिवाय ती बाहेर खात नाही. एरवी मी विचारतो. आता विचारू कसा? जगतापांनी हलालची चौकशी कुठल्या तोंडानं करावी? ती माझ्याकडे पाहत होती. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होतो. शेवटी मी म्हणालो, "एक बोंबील आणि एक... चिकन." म्हटलं, माझा बोंबील तिला देईन आणि कोंबडी मी खाईन. अल्ला आणि मी आपसात बघून घेऊ.

मुलगा वळला तोच दारातून बाईंचा आवाज आला. स्टुलावरूनच.

"बाबा, कोंबरी नका घेव. बाहेरशी येते ती. कोन कापतो, कसा कापतो, आमाला ठाव नाय. ताईला मासली द्या. सुरमई घ्या, एकच काटा हाय मधी, मी सोरवून देते."

मी गारठलो. बायको मात्र पहिल्यांदाच त्या दिवशी मोकळी हसली. तिनं विचारलं, "तुम्हाला कसं कळलं हो?"

"फोनवर बोलत व्हती ना तू मंगाशी. सलाम केलास ना पोरीला." एवढं बोलून बाईंनी पुढची हाक मारली, "कुलकर्णी! पाच!"

म्हणजे मी तिसऱ्या हाकेला जगताप म्हणून उठलो तेव्हाच त्यांना ठाऊक होतं. त्यांनी तोंडावर काही दाखवलं नाही. माझं खोटं त्यांनी जपून ठेवलं आणि बायकोच्या घासाची काळजी घेतली.

थाळी आली. भाकरी, भात, तळलेला मासा, आंबट-तिखट कालवण, कांदा, आणि वाटीत सोलकढी. बायकोनं बिस्मिल्ला म्हटलं, या वेळी मनात नाही, ओठांवर. बाई खरंच मधेच उठून आल्या आणि सुरमईच्या तुकड्यातला काटा दोन बोटांनी काढून बाजूला ठेवून गेल्या, लहान मुलाला भरवताना काढतात तसा.

जेवताना कवीचं डोकं भटकतं. मी थाळीकडे पाहत होतो. हे बेट १५३४ च्या तहानं पोर्तुगीजांच्या हाती गेलं. तसल्याच गलबतांतून मिरची आपल्याकडे आली, मूळची अमेरिकेची. शाकाहारी थाळीतला बटाटा तिकडचाच, आणि बटाटा हा शब्दसुद्धा पोर्तुगीजांचा. पाव त्यांचाच. मसाला हा शब्द अरबीतून आला. कोकम आणि नारळ इथले. हे सगळं एका वाटीत शिजलं की त्याला आपण 'अस्सल आगरी-कोळी चव' म्हणतो, आणि म्हणतो ते बरोबरच आहे. मिरचीला कुणी गाव विचारत नाही. वही फक्त माणसासाठी असते.

आणि याच बंदरापलीकडे, मुंबईत, १८४९ साली परमहंस सभा नावाची एक मंडळी स्थापन झाली होती. मराठीचं व्याकरण लिहिणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर तिच्यातले एक पुढारी. जातिभेद मोडायचा हे त्यांचं ठरलेलं, पण सभा गुप्त. सभासद होताना ख्रिस्ती माणसानं केलेला पाव खायचा आणि मुसलमानानं आणलेलं पाणी प्यायचं, अशी रीत होती. अकरा वर्षं सभा चालली. १८६० मध्ये सभासदांच्या नावांचे कागद चोरीला गेले, नावं फुटली, आणि घाबरून सभा मोडली. वहीनंच घात केला. त्यातली काही माणसं पुढे १८६७ मध्ये प्रार्थना समाजात उघडपणे आली. मला त्या सभासदांची भीती समजते, मीही त्यांचाच भाऊबंद आहे. पण बोंबील खाता खाता मनात आलं ते वेगळंच. तो पाव करणारा कोण होता? ते पाणी आणणारा कोण होता? त्यांची नावं कुठल्याच वहीत नव्हती, म्हणून चोरीलाही गेली नाहीत. त्यानं आपला पाण्याचा तांब्या दारात ठेवला असेल आणि आत काय चाललंय याची त्याला खबरही नसेल.

गर्दी ओसरल्यावर बाई आमच्या बाकावर येऊन टेकल्या. बायकोशी त्यांचं जमलंच होतं. बोलता बोलता कळलं, खानावळ सुरू केली तेव्हा बेटावर वीज नव्हती. मुंबईचे दिवे रोज समोर दिसायचे आणि इथे संध्याकाळी जनरेटर चालेल तेवढे काही तास उजेड. समुद्राखालून केबल टाकून घारापुरीत वीज आली ती २०१८ च्या फेब्रुवारीत, स्वातंत्र्याला सत्तर वर्षं होऊन गेल्यावर. तोवर फ्रीज नाही. पहाटे येईल ती मासळी दुपारपर्यंत संपवायची, उरली तर घरच्यांनी खायची नाहीतर सुकवायची. पर्यटकांना बेटावर मुक्काम करता येत नाही, संध्याकाळी शेवटची लाँच सुटली की धंदा संपला. सोमवार बंद. पावसाळ्यात वारा सुटला की लाँच बंद. आणि लाँचच्या त्या अपघातानंतर कितीतरी दिवस गिऱ्हाईकच येईना, येणारे घाबरत होते. "तवा ही वही कोरीच व्हती," त्या म्हणाल्या. "नाव लिवाला मानूस नाय."

हे ऐकून मला राहवलं नाही. मी म्हणालो, "ताई, मघाशी मी नाव चुकीचं सांगितलं."

"ठाव हाय मना."

"रागावला नाहीत?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी काहीतरी फारच बावळट विचारलं असावं. "नाव कनाला घेतो आमी? हाक माराला. तुमाला हाक आयकूच आली नाय, त्यान माजा टाइम गेला. एक बाक रिकामा रायला तवर."

एवढीच त्यांची तक्रार. नैतिक वगैरे काही नाही, बाक रिकामं राहिलं. मी वही मागितली. पेन घेऊन जगतापवर काट मारायला लागलो तर त्या म्हणाल्या, "खोरू नका, पान फाटल. खाली लिवा." मी खाली माझं नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, आक्का लिहीत तसं. त्यांनी वही लांब धरून वाचलं आणि मुलाला ओरडून म्हणाल्या, "अरं, यांची दोन नावा झाली. दोन थाल्यांचं पैसं घेव का चार?"

पैसे दोन थाळ्यांचेच घेतले. चहा घरचा म्हणून दिला. चहात साखर जास्त होती. बायको म्हणाली, "आपल्याच कारखान्याची असेल." असेलही. पोत्यातून बाहेर पडल्यावर साखर कुठली ते कुणाला कळतं?

परतीच्या लाँचमध्ये ती खिडकीपाशी बसली. बराच वेळ समुद्राकडे पाहिल्यावर म्हणाली, "अगली बार नीरा के टेसन पे भी अपनाच नाम बोलना." मी बरं म्हटलं. हे सांगायला सोपं आहे. त्या हमरस्त्यावरची खानावळ अजून तिथेच आहे, आणि पुन्हा कुणीतरी वहीकडे आणि मग बायकोकडे पाहील, हे मला ठाऊक आहे. घारापुरीला एक बाई भेटल्या म्हणून जग बदललं असं मी म्हणणार नाही. पण त्या रविवारनंतर मी अनेक ठिकाणी नाव सांगितलं आहे. दोन ठिकाणी माणसं जरा थांबली. बाकी ठिकाणी त्यांनी ते लिहून घेतलं, हाक मारली, आणि मी पहिल्या हाकेला उठलो.

आजच्या या भाषणाआधी निवेदिकेनं तुम्हाला माझं नाव सांगितलंच आहे. ते मीच कागदावर लिहून दिलं होतं, आणि कुठेही खाडाखोड नव्हती.